काटा येईपर्यंत: हलवा आणि कोंपेइतो, प्रकल्पाच्या नोंदी

२३ नोव्हेंबर २०२४, शनिवार

चिऊचं बोरन्हाण येत्या संक्रांतीला ओसाकातच करायचं ठरलं. काळं झबलं आई पाठवतेय. हलव्याचे दागिने मात्र पार्सलने मागवायला मन धजत नाही. गेल्या वर्षी मैत्रिणीच्या घरी आलेल्या मुकुटाचा निम्मा हलवा डब्याच्या तळाशी भुगा होऊन पडला होता.

आज क्योतोला गेलो होतो. ह्याकुमानबेनजवळ कोंपेइतो या जपानी साखरगोळीचं जुनं दुकान आहे, र्योकुजुआन शिमिझु. १८४७ सालापासून हे घराणं एवढी एकच गोष्ट करतंय. कागदी पुडीतले दाणे तळहातावर घेतले आणि अंगावर शहारा आला. हा तर आपला हलवा! तसाच गोल आणि तसाच काटेरी, फक्त काटे जरा बोथट आणि ठसठशीत, चांदणी फुगवल्यासारखे.

तिथल्या तिथे ठरवलं की दागिन्यांचा हलवा घरी करायचा. करताना हा जपानी भाऊबंद कुठून आला तेही शोधायचं आणि दोन्हींच्या नोंदी इथेच ठेवायच्या. हातात साडेसात आठवडे आहेत.

२४ नोव्हेंबर

आधी कोंपेइतो कसा करतात ते नीट समजून घेतलं. भांड्याचं नाव ‘दोरा’. सुमारे दोन मीटर व्यासाची लोखंडी परातच म्हणा, पण तिरकी बसवलेली, संथ फिरणारी आणि खालून तापवलेली. तिच्यात बारीक बी टाकतात. बहुतेक ठिकाणी ते जाड्या साखरेचे कण असतात. शिमिझुंकडे ‘इराको’ म्हणजे चिकट तांदळाची बारीक कणी. दाणे परातीच्या उतारावरून घरंगळत खाली येतात, परात त्यांना पुन्हा वर नेते. कारागीर वरून पाक घालतो, तो सुकू देतो, पुन्हा घालतो. दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर वाढ. एक घाणा उतरायला सोळा ते वीस दिवस.

लिहिलेली कृती नाही. उतार, वेग, आच, पाकाचा दाटपणा हे सगळं कारागीर घरंगळणाऱ्या दाण्यांच्या आवाजावरून ठरवतो. त्या घराण्यात म्हणतात, उलथणं चालवायला दहा वर्षं, पाक घालायला दहा वर्षं.

माझ्याकडे लग्नात मिळालेली २८ सेंटिमीटरची स्टीलची परात आहे.

३० नोव्हेंबर

ओसाकाजवळच्या याओला कोंपेइतोचं छोटं संग्रहालय आहे, एका साखरगोळ्यांच्या कारखान्यानेच उभारलेलं. फिरता दोरा तिथे जवळून पाहिला. शंभर प्रकारे वर्णन केलं तरी तो आवाज सांगता येणार नाही. समुद्राची लाट वाळूतले बारीक खडे ओढत मागे जाते तेव्हा होतो त्याच्या जवळपासचा. दाणे ओले असले की आवाज जड, सुकले की खणखणीत. आपल्याकडे हलवा करताना परातीतला ‘खळखळ’ आवाज आल्याशिवाय पुढचा चमचा घालत नाहीत, ते आठवलं.

१ डिसेंबर, पहिला प्रयत्न

तीळ ५ ग्रॅम. साखर २०० ग्रॅम, पाणी १०० मिली. उकळी आल्यावर लिंबाचे चार थेंब पिळले, तार यायच्या आत उतरवला. परात मंद आचेवर.

साफ फसलं. दोन तास हलवूनही तीळ चिकटच. पाक सुकतच नव्हता, मधासारखा बोटांना लागत होता. शेवटी चिक्कीसारखा एक गोळा झाला.

कारण रात्री सापडलं. दुकानातून आणलेली साखर ‘जोहाकुतो’ होती. इथे घरोघरी हीच वापरतात. ती मऊ राहावी म्हणून तिच्यात थोडी विघटित साखर, म्हणजे ग्लुकोज-फ्रुक्टोजचं मिश्रण, मुद्दाम मिसळलेली असते. ते मिश्रण स्फटिक धरू देत नाही आणि हवेतली ओल ओढून घेतं. त्यात मी लिंबू पिळलं. आम्लाने गरम पाकातल्या साखरेचंही तेच होतं. म्हणजे जे नको होतं ते दोन्ही बाजूंनी वाढवलं. पुढच्या वेळी दाणेदार ‘गुरान्युतो’, आणि लिंबू बंद.

४ डिसेंबर

मावशीला सांगलीला फोन लावला. ती दर वर्षी मार्गशीर्षापासून हलवा करून विकते. गोळ्याचा फोटो पाहून म्हणाली, “अगं, तू पाक ओततेयस. ओतायचा नसतो गं, शिंपडायचा! ओल्यावर ओल चढवलीस की सगळं एक होतं. आणि परात तापवून ठेवलीयस केवढी? हात ठेवता आला पाहिजे.”

“आणि काटा कधी येतो?”

“तू बघत बसलीस की येत नाही. पाचव्या-सहाव्या वेळेला आपसूक दिसायला लागतो. पहाटे कर. थंडीत काटा धरतो.”

तीळ भाजायचे नाहीत, नुसते कोमट करायचे, हेही सांगितलं. भाजले की तेल सुटतं आणि पाक सरकतो. मी वापरलेले तीळ तयार भाजलेले होते. इथे कच्चे धुतलेले ‘आराईगोमा’ वेगळे मिळतात.

७ डिसेंबर, दुसरा प्रयत्न

बर्नरवर लोखंडी तवा, तव्यावर परात. आच एकसारखी झाली. गुरान्युतोचा पाक काचेसारखा स्वच्छ, मळी काढायला दूध घालायचीही गरज पडली नाही. पहिला तासभर छान गेलं. मग मी घाई केली. अर्धा चमचा पाक एकदम घातला आणि पाच-पाच, सहा-सहा तीळ एकमेकांना चिकटून गठ्ठे झाले. फोडताना कवच उडालं. थांबले.

पण सुटे राहिलेले दाणे दुधी, कोरडे आणि कडक झालेत. साखर बदलली हे बरोबरच होतं.

१० डिसेंबर

परात बाजूला. आज वाचन.

कोंपेइतो हा शब्द पोर्तुगीज ‘कॉन्फेइतो’वरून आला. चिनी अक्षरं नंतर उच्चारासाठी बसवली: सोनं, सपाट, साखर. अर्थ पाहायला जावं तर या गोळीत सपाट काहीच नाही. कॉन्फेइतोचं मूळ लॅटिनमधल्या ‘तयार केलेलं’ अशा अर्थाच्या शब्दात. युरोपात बडीशेप, धणे, बदाम यांवर साखरेची पुटं चढवत, त्या सगळ्यांना हे एकच नाव. इटलीत त्याचं ‘कॉन्फेत्ती’ झालं. उत्सवात लोक त्या गोळ्या एकमेकांवर उधळायचे, पुढे कागदाचे कपटे आले आणि नाव कपट्यांना चिकटलं.

जपानच्या कागदपत्रांत ही गोळी ठळकपणे येते ती १५६९ साली. लुईस फ्रॉइश या जेझुइट पाद्र्याने क्योतोत ओदा नोबुनागाला काचेच्या बरणीत कॉन्फेइतो दिले, सोबत काही मेणबत्त्या. नोबुनागा तेव्हा देशातला सर्वांत ताकदवान सरदार होऊ घातला होता आणि पाद्र्यांना क्योतोत राहायला त्याची परवानगी हवी होती. मला त्या बरणीचंही अप्रूप वाटतं. पारदर्शक काच आणि आत पांढरे काटेरी खडे. साखर तोवर तिथे औषधाच्या मापाने मोजली जाणारी वस्तू होती.

मला थबकवलं ते फ्रॉइशच्या आधीच्या आयुष्याने. जन्म लिस्बनचा, १५३२ चा. सोळाव्या वर्षी, १५४८ मध्ये, तो गोव्याला आला. जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजात शिकला, १५६१ मध्ये गोव्यातच पाद्री झाला आणि १५६३ मध्ये जपानच्या किनाऱ्याला लागला. म्हणजे नोबुनागासमोर बरणी ठेवणारा माणूस जवळजवळ सगळं तरुणपण मांडवीकाठी काढून आला होता. जपानला जाणारी पोर्तुगीज जहाजं गोवा, मलाक्का, मकाव अशीच जायची, १५७१ पासून नागासाकीला.

यावरून ‘कोंपेइतो म्हणजे आपला हलवाच तिकडे गेला’ असं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही. पोर्तुगालमध्ये कॉन्फेइतो आधीपासून होते आणि नाव त्यांचंच आहे. शेजारधर्म मात्र नाकारता येत नाही.

१४ डिसेंबर, तिसरा प्रयत्न, दिवस १

पहाटे साडेपाच. बाहेर ३ अंश, हवा कोरडी. चिऊ सातला उठते, तोवर एक फेरी आणि ती दुपारी झोपली की दुसरी. मिळून दोन तास.

तीळ ५ ग्रॅम. मोजून पाहिले तर शंभर तिळांचं वजन साधारण ०.३ ग्रॅम, म्हणजे परातीत अंदाजे सोळाशे तीळ आहेत. पाक एका वेळी फक्त चार-पाच थेंब. बोटांच्या पेरांनी गोल गोल हलवायचं, खळखळ आवाज आला की पुढचे थेंब. एका फेऱ्याला चार मिनिटं.

तीस फेरे. वजन ११ ग्रॅम. दिसायला अजून मीठ लावलेल्या तिळांसारखं.

१५ डिसेंबर, दिवस २

२४ ग्रॅम. तिळाचं टोक बुजलं. दाणे अंड्याच्या आकाराचे. काटा नाही.

१७ डिसेंबर, दिवस ३

काल पाऊस होता, मावशीच्या सांगण्यावरून हात लावला नाही. दाणे डब्यात बंद ठेवले होते. आज ४६ ग्रॅम. दाणे गुळगुळीत दिसतात, त्यामुळे मनात धाकधूक. बोट फिरवलं तर मात्र खरखर लागते.

१८ डिसेंबर, दिवस ४

आला!

सकाळच्या नवव्या-दहाव्या फेऱ्याला खिडकीतून तिरका उजेड परातीत पडला आणि प्रत्येक दाण्यावर बारीक सावल्या दिसल्या. भिंगातून पाहिलं तर टोकं वर येतायत, सगळीकडून. मी नवऱ्याला हाक मारली, तो टूथब्रश तोंडात घेऊनच आला. आम्ही दोघं परातीवर वाकून बघत राहिलो. माझे डोळे भरून आले. आजीच्या परातीत हे मी शेकडो वेळा पाहिलंय, पण तेव्हा तो काटा तिचा होता.

७८ ग्रॅम.

१९ डिसेंबर, दिवस ५

११८ ग्रॅम. दाणा मोठा होतो तसा पाकही जास्त झेपतो, आता सुरुवातीच्या पाचपट घालता येतो. बोटांच्या टोकांना काटे टोचतात. हात भाजल्यासारखे झालेत, खोबरेल लावून झोपले.

२० डिसेंबर, दिवस ६

१६० ग्रॅम. दाणा सरासरी ५ मिलिमीटर. इथे थांबतेय. कोंपेइतो याच्या दुपटीएवढा असतो आणि दुपटीएवढ्या दाण्याला आठपट साखर लागते. त्यांचे वीस दिवस कुठे जातात ते आता हाताला कळलं.

२२ डिसेंबर

काटा का येतो? पाक सगळीकडे सारखा लागतो, दाणा सगळ्या बाजूंनी घरंगळतो. मग तो गोटीसारखा गुळगुळीत का होत नाही?

तोराहिको तेरादा (१८७८–१९३५) या तोक्योच्या भौतिकशास्त्रज्ञाला हाच प्रश्न पडला होता आणि त्याने कोंपेइतोवर आवर्जून लिहिलं. सरासरीच्या हिशेबाने पाहिलं तर प्रत्येक दिशेला वाढ सारखीच हवी, म्हणजे गोल चेंडूच व्हायला हवा. पण प्रत्यक्षात सुरुवातीला कुठेतरी योगायोगाने केसभर उंचवटा येतो. उंचवटा पुढे असतो, म्हणून परातीला तोच आधी टेकतो, पाक त्यालाच आधी लागतो आणि सुकतोही तोच आधी. शेजारचा खळगा मागे पडतो. पुढच्या फेऱ्याला फरक थोडा वाढतो, त्याच्या पुढच्याला आणखी. सरासरीत बुजून जाणारा बारीकसा चढउतार इथे बुजत नाही, वाढत जातो. साध्या साखरगोळीत तेरादाला हे दिसलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

दुसऱ्या प्रयत्नात मी अर्धा चमचा पाक घातला तेव्हा काय बिघडलं तेही यातून सुटलं. पाक जास्त झाला की खळगे भरतात. मावशीचं “शिंपड” म्हणजे उंचवट्याला त्याची आघाडी टिकवू देणं.

२३ डिसेंबर

आजचा दिवस एका तिळासाठी.

सध्याच्या कोंपेइतोत तीळ नसतो. पण इहारा साइकाकूच्या १६८८ सालच्या ‘निप्पोन एइताइगुरा’ या कथासंग्रहात एक गोष्ट आहे. नागासाकीतला एक गरीब माणूस या परदेशी गोळीचं गुपित शोधायच्या मागे लागतो. कुणी सांगायला तयार नाही. विचार करता करता त्याला सुचतं की आत बी असणार आणि ते बी तीळ. तो तीळ साखरेत शिजवतो, बरेच दिवस वाळवतो, मग कढईत पसरून ऊब देतो. तिळातून साखर फुलून येते आणि कोंपेइतो तयार होतो. माणूस श्रीमंत होतो.

मी हे दोनदा वाचलं. नागासाकीतला कुणीतरी, ज्याला संक्रांत ठाऊक नाही, तीळ आणि पाक घेऊन ऊबदार भांड्याशी बसलाय. गोष्ट कल्पित असेल, पण लिहिणाऱ्याला ती कृती ठाऊक होती एवढं नक्की. माझी सहा दिवसांची नोंद आणि त्याची कृती शेजारी ठेवली तर फरक शोधावा लागतो.

पोर्तुगीजांना १६३९ मध्ये जपानने बंदी केली. त्यांची मिठाई मात्र राहिली. साखर डच आणि चिनी जहाजांतून नागासाकीला उतरत राहिली आणि तिथून कोकुराकडे जाणाऱ्या नागासाकी काइदो या रस्त्याने पसरली. त्या वाटेवरच्या गावांत आजही त्या काळच्या मिठाया मिळतात. नागासाकीचा कासुतेरा केक, सागाची मारुबोरो बिस्किटं. २०२० साली या ‘साखरवाटे’ला जपान सरकारने वारशाचा दर्जा दिला.

२९ डिसेंबर

शब्दांच्या मागे लागले आणि रात्रीचे दोन वाजले.

पोर्तुगीजांबरोबर आलेली आणखी एक जपानी मिठाई आहे, ‘आरुहेइतो’. पाक घट्ट आटवून, ओढून, वळून केलेली चकचकीत रंगीत साखरकांडी. हे नाव पोर्तुगीज ‘आल्फेलोआ’वरून आलं असं धरतात आणि आल्फेलोआ अरबी ‘अल्-हलावा’वरून, म्हणजे गोडवा. त्याच अरबी मुळाचा आपला शब्द: हलवा.

म्हणजे आपला हलवा ज्याच्यासारखा दिसतो त्याचं नाव कोंपेइतो. आणि हलवा हे नाव जपानात पोचलं ते भलत्याच मिठाईवर बसून. वस्तू एका वाटेने, शब्द दुसऱ्या वाटेने. आजी म्हणायची, सारखा हलवावा लागतो म्हणून हलवा. कोश काहीही म्हणोत, परातीशी बसलं की तिचंच खरं वाटतं.

पोर्तुगीजांच्या अझोरिस बेटांवर, तेर्सेइराला, ‘आल्फेनिम’ नावाची पांढऱ्या साखरेची फुलं-पक्षी करतात. हा शब्द अरबी ‘फानीद’मधून, फानीद फारसीतून आणि त्याच्या मुळाशी संस्कृत ‘फाणित’. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उसापासूनच्या पदार्थांची यादी आहे: फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड, शर्करा. त्यातलं फाणित म्हणजे आपल्या काकवीसारखा आटवलेला रस. शर्करेचं फारसीत शकर झालं, अरबीत सुक्कर, पोर्तुगीजांत आसूकार. त्या जहाजांवर लादलेल्या साखरेचं नाव निघालं होतं आपल्याच बाजूने.

मावशीला सकाळी हे सांगितलं. ती म्हणाली, “असेल. तू दागिने कधी करायला घेतेस?”

५ जानेवारी २०२५

दागिने. दाण्याला भोक पाडायचं नाही, तिळापाशी तडकतो. पांढऱ्या दोऱ्याची गाठ दाण्याभोवती आवळायची, ती दोन काट्यांमध्ये रुतून बसते. गुळगुळीत साखरगोळी कधीच बांधता आली नसती. काटा नुसता शोभेला नसतो हे आज समजलं.

सोन्याचा कागद लावलेल्या पुठ्ठ्यावर मुकुट, दोन वाळे, बाजूबंद, कृष्णाची बासरी, गळ्यातला हार. हाराला ८४ दाणे. तीन संध्याकाळी लागतील.

८ जानेवारी

शेजारच्या आजी कोपऱ्यावर भेटल्या, हलवा करतेय म्हणून सांगितलं. कोंपेइतो म्हटल्यावर त्यांना दोन गोष्टी आठवल्या. एक, सैन्याच्या कडक बिस्किटांच्या पाकिटात कोंपेइतो घालायचे, गोडाने तोंडाला पाणी सुटतं आणि कोरडं बिस्कीट घशाखाली उतरतं. दुसरी, राजघराण्यातल्या मंगलकार्याला पाहुण्यांना देतात ती चांदीची चिमुकली डबी, तिच्यात कोंपेइतो असतात. ही पद्धत मेइजी काळापासूनची, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनची. सैनिकाच्या पिशवीत आणि राजाच्या डबीत एकच गोळी.

बोरं मिळत नाहीत. चिनी दुकानात वाळवलेले ‘नात्सुमे’ आहेत, बोराच्याच जातीचं फळ. तेच घेतले. ऊस नाही. चुरमुरे भारतीय दुकानातून.

१४ जानेवारी, संक्रांत

बोरन्हाण झालं. काळ्या झबल्यावर पांढरा हार इतका खुलला की आईने फोनवरूनच मीठमोहऱ्या ओवाळायला लावल्या. चिऊने मुकुट तीन मिनिटं ठेवला, मग ओढून काढला. दाणा एकही सुटला नाही. डोक्यावरून नात्सुमे, चुरमुरे, चॉकलेटं ओतली, मोठ्या मुलांनी लुटली. कडक दाणे एवढ्या लहान बाळाच्या तोंडात जाऊ नयेत म्हणून वाळे लगेच उतरवले.

दागिन्यांतून उरलेला हलवा ४२ ग्रॅम. तिळगुळाबरोबर काचेच्या छोट्या बरणीत घालून शेजारच्या आजींना नेऊन दिला. त्यांनी एक दाणा उजेडात धरून पाहिला, खूश होऊन “कोंपेइतो!” म्हणाल्या आणि तोंडात टाकला. बराच वेळ चघळला. मग कटकन आवाज आला, त्या थांबल्या आणि डोळे मोठे करून म्हणाल्या, “गोमा?”

हो म्हटलं, तीळ.